आठ महिन्यांची वछेरी घ्यावी का? घोडं पाळणाऱ्यांचा सल्ला हवा

माळावरची

नमस्कार मंडळी,

दौंडपासून जवळच, भीमेच्या काठाला आमची साडेपाच एकर शेती आहे. दोन एकर ऊस, बाकी ज्वारी, कांदा आणि जनावरांपुरता लसूणघास. दावणीला दोन बैल, तीन गाई. आजोबांच्या वेळी दारात घोडी होती. ती गेली, ठाण रिकामं झालं, पण माझी ओढ काही गेली नाही. नोकरी, लग्न, मूल यांत ती मागे पडत राहिली इतकंच. आता आम्ही गावीच राहायला आलोय. लेक बारा वर्षांची आहे, तिलाही हेच वेड.

शेजारच्या गावातल्या एका व्यापाऱ्याकडे वछेरी, म्हणजे घोडीचं मादी शिंगरू, आहे. कुमेत रंग, कपाळावर चांदणी, मागचे दोन्ही पाय पांढरे. आई मारवाडी म्हणतो, बापाचं नक्की सांगत नाही. वय आठ महिने, दूध तुटलेलं. ८५ हजार सांगतोय. दत्तजयंतीला सारंगखेड्याला नेली की दीड लाख येतील, त्याआधी काय ते ठरवा, असा त्याचा लकडा चाललाय.

मला घोडं शर्यतीत पळवायचं नाही की वरातीत नाचवायचं नाही. बांधाने, नदीकाठाने बसून फिरायचं आहे. पुण्यात असताना काही महिने घोडेस्वारी शिकले. चाल आणि दुडकी जमते, त्यापुढे नाही. लहानपणापासून हाताखाली वाढवली तर लळा लागेल, आणि आधी कुणी वाईट सवयी लावलेल्या नसतील, असा माझा विचार. नवरा म्हणतो, घ्यायचंच तर शिकलेली सात-आठ वर्षांची घोडी घे.

ज्यांनी शिंगरू वाढवलंय त्यांनी मोकळेपणाने सांगावं.

अण्णा बारामतीकर

ताई, आधी हिशेब मांडा. ८५ हजार ही यातली सगळ्यात लहान रक्कम आहे. वछेरी तीन वर्षांची होईपर्यंत तिच्यावर बसता येणार नाही, म्हणजे सव्वादोन वर्षं नुसती सेवा. साडेतीनशे किलोचं वाढलेलं घोडं रोज आठ किलोच्या आसपास कोरडा चारा आणि चंदी (दाणा-भरडा) मिळून खातं. घास घरचा असला तरी कडबा, हरभरा, मीठ, खनिज मिश्रण, जंताचं औषध, लसी, खुरं तासणं, आणि दुखलंखुपलं तर डॉक्टर. आमच्या भागात महिना सात-आठ हजारांच्या आत कुणाचं भागलेलं मी पाहिलं नाही.

दुसरं, घोडं नीट सांभाळलं तर २५-३० वर्षं जगतं. लेक आज बारा वर्षांची. वछेरी ऐन भरात येईल तेव्हा लेक शिकायला बाहेरगावी असेल. तेव्हा वछेरीला रोज कोण फिरवणार, हे आजच ठरवा.

तिसरं म्हणजे माणसं. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून ३.४ लाखच भरले, २०१२ पेक्षा ४५ टक्क्यांहून कमी. घोडे कमी झाले तसे नालबंदही कमी झाले आणि घोड्यांची निगा राखणारे जुने मोतद्दारही. बैलाला पत्री मारणारा माणूस गावात मिळेल, पण घोड्याचं खूर त्याच्या हाती देऊ नका.

तापीकाठ

मी शहाद्याजवळचा, सारंगखेड्याची यात्रा लहानपणापासून पाहतोय. एकमुखी दत्ताचं दर्शन आणि मग घोडेबाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात. तिथे दीड लाख मिळायची खात्री असलेला माणूस इथे ८५ हजारांना देतो का, एवढा विचार करा. घाई त्याची आहे, तुमची नाही. घोडं काही सारंगखेड्यातच मिळतं असं नाही. कार्तिकात अकलूजला बाजार असतो, मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत असतो.

बघायला जाल तेव्हा पहाटे जा, न सांगता जा. दिवसभर उन्हात बांधलेलं जनावर दमून शांत दिसतं, कधी औषध देऊनही शांत केलेलं असतं. ठाणावरून सोडून कडक जमिनीवर सरळ चालवायला लावा, समोरून बघा, मागून बघा. चारही पाय उचलून बघा. कानाला, पोटाखाली हात लावू देते का ते बघा. देवमन (शुभ मानली जाणारी केसांची खूण) आहे, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे, अमुक भोवरा (केसांचं वलय) लाभतो, यावर किमती चढतात. तुम्हाला पुढे विकायची नसेल तर भोवऱ्याचे पैसे मोजू नका.

मी मात्र शिंगरू घेण्याच्या बाजूचा आहे. आमच्याकडची घोडी मी सहा महिन्यांची आणली होती. आज ती माझ्या आवाजावर शेताच्या दुसऱ्या टोकावरून येते. हे विकतच्या तयार घोड्यात मिळत नाही.

रिकीब

मी पुण्यात घोडेस्वारी शिकवते. ताई, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिच्याबद्दल बोलते. वाईट सवयी लागलेल्या नसणं म्हणजे चांगल्या सवयी असणं नव्हे. शिंगरू रोज शिकतं, तुम्ही शिकवा न शिकवा. चंदी देताना ढुशी दिली आणि तुम्ही मागे सरकलात, तर माणूस मागे सरकतो हे ते शिकलं. आठ महिन्यांची वछेरी गंमत म्हणून पुढचे पाय उचलते तेव्हा सगळे हसतात, फोटो काढतात. तीच तीन वर्षांची होऊन अंगावर येते तेव्हा तिला कळत नाही की कालपर्यंत चाललेलं आज का चालत नाही.

हे वेळीच ओळखायला हात तयार लागतो. तो हात शिकलेल्या घोड्यांवर तयार होतो, कोऱ्या जनावरावर होत नाही. चाल आणि दुडकी येणारा स्वार शिकलेल्या घोडीवर दोन वर्षांत उत्तम बसू लागेल. तोच स्वार कोऱ्या तीन वर्षांच्या वछेरीवर पहिल्यांदा बसला तर दोघंही घाबरतील. घाबरलेलं जनावर उधळतं, आणि तेव्हा त्याला लळा वगैरे काही आठवत नाही.

वछेरी आहे, वछेरा नाही, ही जमेची बाजू. नर असता तर दीड-दोन वर्षांत माजावर आला असता आणि खच्ची करण्याचा विषय निघाला असता.

माझे प्रश्न दोन. तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, शिंगरू हाताळलेला आणि तुम्ही हाक मारल्यावर येईल असा माणूस आहे का? आणि वछेरीला सोबत कोण असणार?

माळावरची

सगळ्यांचे आभार. अण्णा, लेकीच्या वयाचा मुद्दा मनाला लागला, खरंच. आम्ही दोघं नवरा-बायकोच पुढे सांभाळणार हे धरूनच चाललं पाहिजे.

रिकीबताई, तसा माणूस जवळ नाही. गावात एक म्हातारे आहेत, त्यांनी टांग्याचा घोडा ठेवला होता, पण आता त्यांना उठवत नाही. सोबत म्हणजे गाई-बैल आहेतच, ते चालणार नाहीत का?

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्य. घोडे कमी, गाई-म्हशी जास्त, पण तालुक्यातले जेवढे घोडे आहेत ते फिरून फिरून माझ्याकडेच येतात. थोडं सविस्तर लिहितो, कारण शिंगरांची दुखणी बहुतेक वेळा प्रेमाने खाऊ घालण्यातून आलेली मी पाहतो.

वर्षाचं शिंगरू उंचीने जवळजवळ ९० टक्के भरतं, वजनाने दोन-तृतीयांश. बघणाऱ्याला ते घोडंच वाटतं. पण पुढच्या पायाच्या गुडघ्यावरच्या हाडाचं वाढीचं टोक दोन-अडीच वर्षांपर्यंत कच्चं असतं आणि कण्याच्या मणक्यांतलं पार साडेपाच-सहा वर्षांपर्यंत. स्वार बसतो तो याच कण्यावर. म्हणून तीन वर्षांपर्यंत पाठ रिकामी. पुढे हलकं वजन, थोडा वेळ. पुरतं काम चौथ्या-पाचव्या वर्षी. शर्यतीचे घोडे दुसऱ्या वर्षी पळवतात, त्यावर जाऊ नका. दोरीवर गोल गोल पळवणंसुद्धा कोवळ्या सांध्यांना वाईट. सरळ रस्त्याने सोबत चालवत न्या, मोकळं सोडा.

आता खाणं. अंग भरावं म्हणून लोक भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा पाट्या भरून देतात. जास्त चंदीने हाडं भराभर वाढतात, पण सांध्यातली कूर्चा मागे राहते, घोटे-गुडघे सुजतात. कोंड्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम फार कमी. रोज कोंड्यावरच ठेवलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं, जबड्याची हाडं फुगतात, जनावर लंगडायला लागतं. तुमचा लसूणघास इथे कामाला येईल, त्यात कॅल्शियम चांगलं असतं. तोही वाळवून, कडब्याबरोबर, बेताने.

तुमच्याकडे गाई आहेत म्हणून आणखी तीन गोष्टी सांगतो, या पाठच करा. पहिली, कोंबड्यांच्या आणि काही जनावरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयाला ते विष आहे, थोडंसंही पुरतं. गाईच्या पेंडीच्या पोत्याजवळ घोडं सुटता कामा नये. दुसरी, गोचिडांसाठी गाईंवर अमित्राझ फवारतात, ते घोड्यावर मारायचं नाही, आतड्यांची हालचाल थांबते. तिसरी, बुरशी धरलेला मका. गाय तो पचवेलही, घोड्याचा मेंदू खराब होतो. कोवळ्या ज्वारीतही सोडू नका.

घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं चुकीचं काही परत येत नाही, म्हणून पोटशूळ उठला की वाट बघत बसायचं नसतं. लोळतंय, कुशीकडे वळून बघतंय, शेण बंद झालंय, तर मध्यरात्र असली तरी फोन करा.

घेण्याआधी रक्ततपासणी. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, त्याला लस नाही. खात्रीसाठी नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो. जनावर बाधित निघालं तर कायद्याने त्याला दयामरण द्यावं लागतं, आणि मिळणारी भरपाई किमतीच्या मानाने किरकोळ असते. गोमाश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगाचीही तपासणी करून घ्या, नदीकाठी गोमाश्या असतात. धनुर्वाताची लस झालीय का विचारा. सगळ्या पाळीव जनावरांत धनुर्वात घोड्याला सर्वात लवकर होतो, खुरात घुसलेला एक खिळा पुरतो.

सोबतीबद्दल. मोठं, सवयीचं घोडं गाई-शेळ्यांत रमतं. शिंगराचं तसं नाही. किती जोरात चावायचं, कधी बाजूला व्हायचं, हे त्याला दुसरं घोडंच शिकवतं.

माळावरची

डॉक्टर, तुम्ही एवढं लिहिलंत, मी वहीत उतरवून घेतलं. आमच्याकडे बांधाला नेपियर गवत लावलाय, गाई तोच खातात. तो चालेल ना?

गोठ्यातला डॉक्टर

एकटा नेपियर नको. त्यातल्या ऑक्झलेटमुळे चाऱ्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणजे कोंड्याचाच प्रकार दुसऱ्या वाटेने. गाईच्या पोटातले जिवाणू ऑक्झलेट मोडून टाकतात, घोड्याचं पोट वेगळं. इतर चाऱ्यात थोडा मिसळून दिला तर ठीक.

मेंढपाळपोर

ताई, तुम्ही भीमेच्या काठाला राहून मारवाडी शोधताय म्हणून लिहितो. तुमचा दौंड-बारामतीचा मुलूख म्हणजे जुनी भीमथडी. इथली घोडी याच नावाने ओळखली जाते, भीमथडी. मराठ्यांच्या फौजा हिच्यावर दौडल्या. आता ती फक्त आमच्या धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांसोबत फिरणाऱ्या बिऱ्हाडांकडे, उरलीय. करनालच्या पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलीय, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना केवढा आनंद झाला होता.

दिवाळी झाली की वाडे घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडाला परत येतात. सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर. भांडी, कोंबड्या, नवी कोकरं, कधी वर एखादं लेकरू. मिळेल ते खाते, दगडातून चालते, कुत्री भुंकली, ट्रक गेला तरी कान हलवत नाही. उंची कमी, दिसायला साधी, कमानदार कान नाहीत, म्हणून बाजारात तिला कोणी विचारत नाही.

शिंगरू वाढवायचंच तर आमच्याकडं कसं वाढतं ते सांगतो. शिंगराला कुणी शिकवत बसत नाही. ते आईच्या मागं चालत राहतं. वाट, ओढा, घाट, मेंढरं, माणसं, सगळं आईच्या बाजूनं चालून बघतं. दोन-तीन वर्षांनी पाठीवर पोतं टाकलं तर मान वळवून बघतं आणि चालायला लागतं. एकटं आणून दावणीला बांधलेलं शिंगरू मी आमच्याकडं कधी बघितलं नाही.

आयर्लंडकर

मी मूळची कोल्हापूरची, गेली बरीच वर्षं आयर्लंडमध्ये असते. हा देश घोड्यांचाच आहे. मेंढपाळपोर यांनी जे लिहिलंय तेच इथे दुसऱ्या रीतीने करतात. दूध तुटलेली शिंगरं दोन-चार मिळून कुरणात सोडतात, सोबत एखादी वयस्क घोडी. तीन वर्षांपर्यंत कामाचं नाव नाही. फक्त मोरखी (तोंडावर बांधायची दोरी) घालून घेणं, दोरीने चालणं, पाय उचलू देणं, गाडीत चढणं, एवढं शिकवतात. प्रत्येक शिंगराला मायक्रोचिप आणि पासपोर्ट कायद्यानेच लागतो, त्यामुळे वयात फसवणूक करायला वाव कमी. आणि विकत घेताना आपला डॉक्टर नेऊन तपासणी करून घेणं हा सर्वसाधारण रिवाज आहे, विकणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. तुमच्या व्यापाऱ्याने डॉक्टर आणायला नाही म्हटलं, तर ते उत्तर समजा.

तापीकाठ

रिकीबताई, थोडा मतभेद. तुम्ही म्हणता तसा तयार हात सगळ्यांकडे असायला हवा, तर नव्या माणसाने घोडं कधीच वाढवू नये असं होईल. आमच्या आजोबांना कुणी शिकवलं होतं? आणि तयार घोडी म्हणून जे बाजारात येतं ते पाहिलंय ना? नाचाला शिकवताना मारलेली, लगामाने तोंड फाटलेली, चाबूक दिसला की थरथरणारी. ताईंनी तसली घोडी आणली तर तिची भीती घालवण्यात शिंगरू वाढवण्यापेक्षा जास्त वर्षं जातील. शिंगराला निदान माणसाची भीती तरी नसते.

रिकीब

दादा, नाचाच्या घोड्यांबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे. तसल्या घोड्याला मी शिकलेलं म्हणत नाही. पण आजोबांच्या वेळी गावात दहा घोडी होती आणि बघून शिकायला दहा माणसं होती. आज ताईंच्या गावात एक थकलेले आजोबा आहेत. नव्या माणसाने कधीच वाढवू नये असं मी म्हणत नाही, आधी एका शांत घोडीच्या संगतीत हात तयार करावा असं म्हणतेय. ती घोडी पुढे शिंगराची सोबतही होईल.

माळावरची

काल डॉक्टरांना घेऊन वछेरी बघून आले. डॉक्टर, तुम्ही तुमच्याकडचं काम टाकून आलात, उपकार विसरणार नाही. इतरांसाठी लिहिते.

व्यापाऱ्याने आधी कुरकुर केली, मग हो म्हणाला. डॉक्टरांनी ओठ वर करून मला दात दाखवले. समोरचे दुधाचे दात वर चार, खाली चार. कडेचे आलेलेच नव्हते. दुधाचे दात साधारण आठव्या दिवसाला, आठव्या आठवड्याला आणि आठव्या महिन्याला अशा तीन जोड्यांनी येतात, असं त्यांनी समजावलं. अंगावरची लव, शेपटीचे कुरळे केस, सगळं बघून त्यांचा अंदाज पाच महिन्यांचा. म्हणजे आईपासून चौथ्या महिन्यातच तोडलेली असणार. पोट सुटलेलं, बरगड्या दिसतात. शेण तपासलं तर गोल जंतांची अंडी खच्चून. रक्त काढू द्यायला मात्र व्यापारी शेवटपर्यंत तयार झाला नाही. निघताना ६० हजारांवर आला.

ती माझ्या ओढणीला तोंड लावून उभी होती. तिला तिथे ठेवून यायला पाय निघेना. लेक घरी येईपर्यंत रडत होती. घेऊन वाचवावी असं अजून वाटतंय, खोटं कशाला बोलू.

गोठ्यातला डॉक्टर

ताई, वाटणं साहजिक आहे. पण या वयाची, या अवस्थेतली वछेरी म्हणजे पुढचे चार-पाच महिने रोजचं वैद्यकीय काम. एवढे जंत असताना जोरकस औषध एकदम दिलं तर मेलेल्या जंतांचा बोळा आतड्यात अडकतो, त्यात शिंगरं दगावतात. बेताने द्यावं लागतं, दुधाची पावडर, चांगला घास, वजनावर लक्ष. शिवाय रक्ततपासणीशिवाय आणलेलं जनावर तुमच्या घरात, लेकीच्या हाताशी. मी सही देणार नाही.

व्यापाऱ्याला काय द्यायचं, किती द्यायचं ते लिहून देऊन आलोय, आणि परवा पुन्हा जाणार आहे. ती मरू नये यात त्याचाही फायदा आहे, तो करेल.

अण्णा बारामतीकर

डॉक्टरांशी सहमत. दयेपोटी पैसे मोजले की तो माणूस पुढच्या वर्षी आणखी एक चार महिन्यांची तोडून आणतो.

मेंढपाळपोर

ताई, एक सुचवू का? माझ्या मामाच्या वाड्यावर एक घोडी आहे. बारा वर्षांची, तीन शिंगरं वाढवलेली. यंदा घाटात तिला दम लागतो म्हणून मामा तिला ओझ्याला लावायचं नको म्हणतोय, आणि विकायचीही नाही, घरचं जनावर आहे. वाडा पुढच्या आठवड्यात घाट उतरणार. मृगाच्या आधी परत येईल, तोवर तुम्ही सांभाळाल का? पैसे नकोत, खाणं-पिणं, औषधपाणी तुमचं. रोज घोडं सांभाळणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल, आणि घोडीला सपाटीचा आराम.

रिकीब

ताई, याहून चांगली सुरुवात मला सुचली नसती. डॉक्टरांनी छाती तपासून होकार दिला तरच बसायचं, आणि एक लक्षात ठेवा. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या १५-२० टक्क्यांच्या वर जाऊ नये. ही घोडी लहान चणीची, शिवाय दमलेली. लेक सावकाश चालीवर बसू शकेल, तुम्ही नाही. तुम्ही हातात दोरी धरून चाला, खरारा करा, पाय उचला, मोरखी घाला-काढा. शिंगरू वाढवायला लागणारं बरंचसं काम हेच आहे.

माळावरची

दोन दिवस घरात बोलणं झालं. वछेरी घेत नाही. मामांची घोडी आणतोय. मी बसणार नाही याचं आता वाईट वाटत नाही. व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. वछेरी आधीपेक्षा बरी आहे असं डॉक्टर म्हणाले, तेवढ्याने लेकीचा चेहरा जरा खुलला.

शिंगराचा विचार सोडलेला नाही. पावसाळ्यापर्यंत हे नीट जमलं, तर मामांच्याच वाड्यावरचं, आईजवळ सहा महिने पुरे केलेलं शिंगरू बघू. तापीकाठदादा, तेव्हा तुम्हाला हाक मारणार आहे.

आता कामाचं सांगा. तिला इथपर्यंत कसं आणायचं? गोठ्याच्या मागच्या बाजूला काटेरी तार आहे, ती चालेल का?

तापीकाठ

जरूर मारा, मी येईन. तार आधी काढा, घोडी यायच्या आधी. घोडं बिचकलं की तारेत पाय घालतं आणि ओढत सुटतं, नडगीपर्यंत सोलून निघते. बांबूचे आडवे वासे बांधा, नाहीतर झटका मशीनवर रुंद पांढरी पट्टी लावा, ती त्यांना लांबून दिसते.

मेंढपाळपोर

टेम्पोत तळाला वाळू आणि वर कडब्याचा थर टाकायचा, नाहीतर पाय घसरतात. मामा स्वतः सोबत येईल. ती चारचाकीत आधी बसलीय, त्रास देणार नाही. तिचा नेहमीचा कडबा आणि चंदी आठ-दहा दिवस पुरेल एवढी सोबत पाठवतो.

गोठ्यातला डॉक्टर

प्रवासाला योग्य असल्याचा दाखला मी देतो, तो गाडीत ठेवा. त्याच वेळी रक्त काढून घेऊ, आणि निकाल येईपर्यंत ती गाई-बैलांपासून वेगळी, भांडी वेगळी. सोबत आलेल्या चाऱ्यात तुमचा चारा रोज थोडा थोडा वाढवत न्या, एकदम बदलू नका. घास पहिल्या आठवड्यात मूठभरच. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं. पहिले दोन दिवस बादलीने मोजून द्या, म्हणजे ती पितेय की नाही हे कळेल. पोहोचल्यावर फोन करा, संध्याकाळी येऊन छाती आणि दात दोन्ही बघतो.